रोशा तेलातले औषध : पुरावा कुठवर आला?

सांधे धरले, कंबर लचकली, गुडघ्यातून कळा येऊ लागल्या की काष्ठौषधीच्या दुकानातून रोशाच्या तेलाची लहान बाटली आणायची आणि खोबरेल किंवा तिळाच्या तेलात थोडे मिसळून चोळायचे, ही भुसावळ, यावल, रावेर, चोपडा या तापीकाठच्या पट्ट्यात ओळखीची रीत आहे. या गवताला कुणी रोशा म्हणते, कुणी रोहिस, कुणी तिखाडी. जगाच्या बाजारात याच तेलाचे नाव पामरोजा आहे. त्यातला मुख्य घटक जिरॅनिऑल गेल्या तीसएक वर्षांत औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांमधून फार फिरला. जंतू, बुरशी, जंत, डास, सूज, कर्करोग अशा नाना गोष्टींवर तो चालतो असे शोधनिबंध निघाले. एका रेणूच्या नावावर इतके गुण जमा झाले की त्यातले पक्के कोणते, अर्धवट कोणते आणि निव्वळ आशेवर उभे कोणते, हे वेगळे करून पाहावे लागते. हा लेख त्यासाठीच आहे.

गवत, भट्टी आणि बाजार

रोशा हा गवती चहाचा जवळचा भाऊबंद. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. त्यातले ‘मार्टिनी’ लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून आले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात दक्षिणेतल्या डोंगराळ मुलखात त्यांनी हे गवत पाहिले, त्याचे बी लखनौला नेऊन लावले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्यांचे नाव गवताला दिले.

खानदेशात मात्र हे गवत कुणी शोधून काढावे लागले नव्हते. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर ते पुरुषभर उंच माजते. पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात आणि पुढे ते तांबूस होतात. तुऱ्याची एक काडी चुरगळून बोटे नाकाशी नेली तर आधी गुलाबाचा वास येतो आणि त्याच्या मागून गवताचा तिखटसर दर्प. तिखाडी हे नाव त्या दर्पाला शोभते.

एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात रोशाच्या भट्ट्या चालत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० साली निघाला. त्याच सुमाराचे औषधी वनस्पतींवरचे इंग्रज लेखकही खानदेशी तेलाची नोंद करतात. भट्टी ओढ्याच्या काठी लावत, कारण थंड पाणी हाताशी लागे. लोखंडी काहिलीत गवत आणि पाणी भरायचे, लाकडी झाकण बसवून फटी लिंपायच्या, झाकणातून बांबूची नळी काढून ती ओढ्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायची आणि खाली जाळ घालायचा. वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो, तो काढून घ्यायचा. शंभर किलो ओल्या गवतामागे अर्ध्या किलोच्या आतबाहेर तेल हाती येते.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपात ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणून विकले जायचे. गवत हिंदुस्थानचे होते, तुर्कस्तानची होती फक्त बाजारपेठ.

१८७१ साली जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोब्सेन यांनी ऊर्ध्वपातन करून जिरॅनिऑल शुद्ध रूपात प्रथम वेगळे केले, तेही हिंदुस्थानातून आलेल्या अशाच गवती तेलातून. त्याची रासायनिक रचना १९१९ मध्ये अल्बेर व्हर्ली यांनी निश्चित केली. जिरॅनियमच्या फुलझाडावरून नाव पडलेल्या या रेणूची पहिली ओळख आपल्याकडच्या गवतातून झाली, हे खानदेशातल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

मोतिया आणि सोफिया

पुढचा सगळा वाद समजायचा तर एक भेद आधी लक्षात घ्यावा लागतो. रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतक्या सारख्या की जाणत्यालाही चकवतात. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढते, सोफियाला ओलसर आणि सावलीची जागा मानवते. मोतियाच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात, सोफियाच्या पेशीत ४०. तेलातला फरक याहून मोठा. मोतियाच्या तेलात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त जिरॅनिऑल असते, उरलेल्यात मुख्यतः जिरॅनिल अ‍ॅसिटेट आणि थोडे लिनॅलूल व कॅरिओफायलीन. पामरोजा म्हणतात ते हे तेल. सोफियात जिरॅनिऑल बरेच कमी, लिमोनीन आणि पेरिलिल अल्कोहोल यांच्यासारखे वेगळे घटक जास्त. त्याला बाजारात ‘जिंजरग्रास’ म्हणतात आणि त्याचा भाव उतरता असतो.

जुन्या नोंदींत आणि लोकव्यवहारात हा भेद क्वचितच पाळलेला दिसतो. त्यामुळे ‘रोशाच्या तेलाने गुण आला’ असे ऐकले की तेल कोणत्या रोशाचे होते, हा प्रश्न तसाच राहतो.

कापणीच्या वेळेनेही तेल बदलते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत, म्हणजे सीमॅपमध्ये, झालेल्या कामातून असे दिसले की कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल अ‍ॅसिटेट जास्त असते आणि तुरा पिकत जातो तसे त्याचे जिरॅनिऑलमध्ये रूपांतर होते. भट्टीवाले तुरे भरण्याची वाट का पाहत, याचे कारण इथे सापडते.

परंपरा काय सांगते

आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये रोहिष, कत्तृण, भूतृण, ध्यामक अशी सुगंधी गवतांची नावे येतात. रोहिष म्हणजे आजचा रोशाच, असे बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते ही नावे त्याच कुळातल्या दुसऱ्या गवतांना जास्त लागू पडतात. हा ओळखीचा वाद अजून मिटलेला नाही.

लोकव्यवहार त्या मानाने सरळ आहे. रोशाचे तेल बाहेरून लावायचे. सांधेदुखी, लचक, मुका मार, कातडीचे विकार यांसाठी ते वापरतात. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या १८९० च्या दशकातल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथातही वेदना आणि संधिवातावर चोळण्याचे तेल अशीच त्याची नोंद आहे. परंपरा मानणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पिढ्यान्‌पिढ्या वापरून अपाय झालेला नाही, आराम पडतो, आणि गुण पूर्ण तेलाचा आहे. एखादा घटक बाजूला काढून त्याची परीक्षा घेतली तर ती तेलाची परीक्षा ठरत नाही.

यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे आणि पुढे तो पुन्हा येणार आहे. आरामाचे स्पष्टीकरण मात्र अनेक प्रकारे देता येते. ऊब उत्पन्न करणारे तेल कातडीवर चोळले की तिथला रक्तपुरवठा वाढतो, मूळ दुखण्यावरचे लक्ष हटते. शिवाय मालीश करणारा हात असतोच. या तिन्हींतून तेलाचा स्वतःचा वाटा किती, हे नियंत्रित चाचणीशिवाय सांगता येत नाही.

प्रयोगशाळेचा पुरावा

सगळ्यात भक्कम भाग जंतू आणि बुरशी यांच्यासंबंधी आहे. २००३ मध्ये पामरोजा तेलाचा यीस्टवरचा परिणाम तपासला गेला. तेलामुळे पेशीचे आवरण सैल पडते आणि आतले पोटॅशियम बाहेर गळू लागते, असे त्यात दिसले. जिरॅनिऑल पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीसारख्या पदार्थात चटकन मिसळते. पेशीचे आवरण चरबीचेच असल्याने ते तिथे घुसते, ही यंत्रणा समजण्यासारखी आहे. पण हीच तिची मर्यादाही आहे. आवरण फक्त जंतूलाच असते असे नाही, आपल्या पेशींनाही असते. म्हणून ‘जंतू मारते’ एवढ्याने औषध ठरत नाही, जंतू मरेल आणि माणसाची पेशी वाचेल अशी मात्रा सापडावी लागते.

२००९ मधल्या एका अभ्यासाचा मला विशेष भरवसा वाटतो. काही जंतू प्रतिजैविके आत शिरताच पंपाने उपसावीत तशी बाहेर टाकतात, म्हणून औषध लागू पडत नाही. कॉर्सिका बेटावरच्या एका वनस्पतीच्या तेलातले जिरॅनिऑल वापरून संशोधकांनी दाखवले की अशा जंतूंवर निकामी ठरलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या प्रतिजैविकांची ताकद त्यामुळे परत येते. इथे जिरॅनिऑल स्वतः मारेकरी नसून प्रतिजैविकाचा साथीदार आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू रुग्णालयांची डोकेदुखी झालेले असताना ही वाट महत्त्वाची आहे. पण तीही अजून परीक्षानळीपुरतीच आहे.

जंतांवरचा दावाही तपासला गेला. २००३ च्या एका भारतीय निबंधाने सिम्बोपोगॉन मार्टिनीच्या तेलातला जंतनाशक घटक जिरॅनिऑल असावा, असा निष्कर्ष काढला. प्रयोग सी. एलेगन्स नावाच्या सूक्ष्म कृमीवर झाला. हा कृमी मातीत मोकळा राहणारा, पोटातल्या जंतांचा दूरचा नातलग. त्यामुळे निष्कर्ष दिशा दाखवतो, उपचार ठरवत नाही.

डासांच्या बाबतीत प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष गावात काम झाले आहे. कार निकोबार बेटावरच्या आदिवासी गावांत अ‍ॅनोफिलीस डासांविरुद्ध रोशाचे तेल अंगाला लावून पाहिले गेले आणि त्याने डास चांगले दूर राहिले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातले तेल मात्र सोफियाचे होते. हे वाचणारे पुष्कळदा त्याचे श्रेय सरसकट पामरोजाला देऊन मोकळे होतात. जिरॅनिऑल स्वतःही डास दूर ठेवते, यावर फारसा वाद नाही. अडचण टिकण्याची आहे. ते हवेत लवकर उडून जाते, म्हणून पुन्हा पुन्हा लावावे लागते.

कर्करोगाविषयीचे निष्कर्ष सर्वांत जास्त उद्धृत होतात आणि सर्वांत जास्त जपून वाचायला हवेत तेही तेच. २००१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींवर जिरॅनिऑलचा प्रयोग केला. ४०० मायक्रोमोलर मात्रेला पेशींची वाढ सुमारे ७० टक्के रोखली गेली. पुढे उंदरांमध्ये फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल या नेहमीच्या औषधाच्या जोडीने दिल्यावर परिणाम वाढलेला दिसला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या ज्या विकरावर स्टॅटिन औषधे काम करतात, त्यालाही जिरॅनिऑल आवर घालते, असे काम आहे. कर्कपेशींना वाढीसाठी त्याच साखळीतली द्रव्ये लागतात, म्हणून हा दुवा निरर्थक नाही.

आता ४०० मायक्रोमोलर म्हणजे किती? एका लिटरमध्ये साधारण ६० मिलिग्रॅम. काचेच्या बशीत ही मात्रा तासन्‌तास ठेवता येते. शरीरात जिरॅनिऑल आतड्यातून चांगले शोषले जाते, पण यकृत त्याचे लगेच आम्लांमध्ये रूपांतर करून लघवीवाटे बाहेर टाकते आणि रक्तातले प्रमाण काही मिनिटांत अर्ध्यावर येते. बशीतली मात्रा रक्तात राखणे जवळपास अशक्य आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराला मात्र रक्तात शिरण्याआधीच त्याचा थेट संपर्क घडू शकतो. म्हणून आतड्याच्या रोगांकडे लक्ष वळवणे शहाणपणाचे आहे, असे काही संशोधक म्हणतात. मला हा युक्तिवाद पटतो.

सोफियाच्या तेलात सापडणाऱ्या पेरिलिल अल्कोहोलचा इतिहास इथे उपयोगी पडतो. जिरॅनिऑलशी नाते सांगणाऱ्या या रेणूने उंदरांत मोठी आशा दाखवली, १९९० च्या दशकात तो कर्करोगाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचला. तोंडाने घेतल्यावर परिणाम निराशाजनक निघाला आणि पोटाचा त्रास झाला तो वेगळाच. नाकावाटे देऊन मेंदूच्या गाठींवर त्याचा उपयोग होतो का, हे ब्राझीलमध्ये पुढे तपासले गेले. उंदरापासून माणसापर्यंतची वाट कशी खचू शकते, याचे हे याच घराण्यातले उदाहरण आहे.

जिरॅनिऑल आणि कर्करोग यांचा आणखी एक संबंध सांगितला जातो, तो नीट सांगायला हवा. अंगणातली सदाफुली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची सिद्ध औषधे बनवते आणि त्या लांबलचक रासायनिक साखळीच्या सुरुवातीला जिरॅनिऑल असते. पण पहिल्या कडीचा गुण शेवटच्या कडीसारखा असतो, असे यातून निघत नाही.

माणसांवरचे प्रयोग

इथे आढावा एकदम लहान होतो, कारण कामच थोडे आहे. लक्षात घेण्याजोगे प्रयोग इटलीत झाले. आतड्याच्या चिडचिडीच्या विकाराने, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्रस्त असलेल्या १९ रुग्णांना चार आठवडे दिवसाला दर किलो वजनामागे ८ मिलिग्रॅम जिरॅनिऑल देण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांचा त्रास कमी झाला आणि आतड्यातल्या जंतूंचा समतोल सुधारल्याचे आढळले. त्यात तुलनेसाठी निर्गुण गोळी घेणारा गट नव्हता. आयबीएसमध्ये निर्गुण गोळीनेही अनेकांना बरे वाटते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. त्याच संशोधकांनी नंतर निर्गुण गोळीशी तुलना करणारी चाचणीही केली आणि तिचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे आहेत. पण अशी चाचणी इतर रुग्णालयांतून, मोठ्या संख्येवर पुन्हा होणे बाकी आहे.

८ मिलिग्रॅमचा आकडा मला बोलका वाटतो. उंदरावरची मात्रा माणसासाठी काढताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ती साधारण बाराने भागतात. उंदरांवरच्या अनेक अभ्यासांत दर किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा असते. बाराने भागले की ८ च्या जवळ येते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला अर्धा ग्रॅमच्या आत. उंदरांचे निष्कर्ष अवास्तव मात्रेचे आहेत, हा आक्षेप त्यामुळे निदान काही अभ्यासांपुरता ढिला पडतो.

सांधेदुखीचे, म्हणजे आमच्या भागातल्या मूळ दाव्याचे, काय? उंदरांमध्ये सूज उतरल्याचे प्रयोग आहेत. चोळण्याच्या तेलावर माणसांच्या भक्कम चाचण्यांचा आधार मात्र उभा राहिलेला नाही. ज्या उपयोगासाठी खानदेश हे तेल वापरतो, त्यावरच सर्वांत कमी काम झाले आहे.

कातडीची बाजू

जिरॅनिऑल अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या चवीसाठी सुरक्षित द्रव्यांच्या यादीत आहे. उलट युरोपीय संघाने २००३ मध्ये अ‍ॅलर्जी करू शकणाऱ्या ज्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे प्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे सक्तीचे केले, त्यात जिरॅनिऑल आहे. लावून तसेच ठेवायच्या प्रसाधनात ०.००१ टक्क्याहून जास्त असले तरी नाव छापावे लागते. यात विरोध नाही. पोटात जाणाऱ्या किंचित मात्रेची गोष्ट वेगळी, कातडीवर वारंवार लागणाऱ्या तेलाची वेगळी.

स्वीडनमधल्या संशोधनातून दिसले की ताजे जिरॅनिऑल सौम्य आहे. हवेशी संपर्क आला की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तयार होणारी द्रव्ये अ‍ॅलर्जीला जास्त कारण होतात. काही बदल कातडीच्या आतही घडतो. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. खिडकीत वर्षभर अर्धी पडून राहिलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रासदायक ठरू शकते. निखळ तेल अंगाला लावू नये, खोबरेलात पातळ करावे, लाल चट्टे उठले तर थांबावे. जुन्या रीतीतले पातळ करणे इथे विज्ञानाशी जुळते.

बाटलीत नेमके काय असते

अभ्यास शुद्ध जिरॅनिऑलचा होतो, घरात येते ते बाजारातले तेल. रोशाच्या तेलात टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल मिसळण्याची तक्रार शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. एक सोपी परीक्षा आहे : चांगले पामरोजा सत्तर टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन पट मापात स्वच्छ विरघळते. रॉकेल किंवा खाद्यतेल असेल तर मिश्रण दुधाळ होते. टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेले जिरॅनिऑल मिसळले असेल तर ही परीक्षा चालत नाही, कारण रेणू तोच असतो. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते. नैसर्गिक तेलात जेमतेम आढळणारे नेरॉल वाजवीपेक्षा जास्त दिसले की संशय येतो.

सीमॅपने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे जिरॅनिऑल भरपूर देणारे वाण काढले आहेत. लागवडीच्या तेलाचा दर्जा सारखा राहतो, औषधाच्या कामाला ते सोपे जाते. जंगली रोशाची बाजू घेणारे म्हणतात की एकाच घटकावर नजर ठेवून वाण निवडले तर इतर घटकांचे प्रमाण बदलते आणि परंपरेने ओळखलेले तेल ते नव्हे. दोन्ही म्हणण्यांना आधार आहे.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न पूर्ण तेल की घटक, हाच. तेलातले इतर घटक जिरॅनिऑलला साथ देतात की नुसते सोबत असतात, यावर परीक्षानळीत दोन्ही प्रकारचे निष्कर्ष येतात.

दुसरा वाट्याचा. जैविक विविधता कायदा २००२ चा. स्थानिक ज्ञानातून औषध निघाले तर लाभात स्थानिकांचा हिस्सा असावा, हे त्याचे सूत्र. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला या वाटपातून सूट दिली. रोशा निघंटूत आहे म्हणून ग्रंथबद्ध ठरेल, की सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांची तोंडी रीत वेगळी मानली जाईल? औषध अजून निघालेले नाही म्हणून हा प्रश्न आज तातडीचा वाटत नाही, पण तो आधी ठरलेला बरा.

तिसरा प्रश्न चाचणीचा, आणि तो सोडवणे आपल्या हातात आहे. जळगावचे बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, शिरपूरचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि एखादे अस्थिरोग रुग्णालय एकत्र आले तर गुडघेदुखीच्या रुग्णांवर रोशाच्या तेलाची नियंत्रित चाचणी होऊ शकते. खरी अडचण वासाची. निम्म्या रुग्णांना खरे तेल, निम्म्यांना निर्गुण तेल द्यायचे तर गुलाबाच्या वासावरून रुग्ण आणि तेल लावणारा दोघेही ओळखतील. उपाय असा सुचतो की निर्गुण तेलातही जिरॅनिऑल नसलेले, वासाला जवळचे सुगंधी द्रव्य घालावे, मालीश करणारा दोन्ही गटांना तोच ठेवावा, मालीशीचा वेळ सारखा ठेवावा, आणि शेवटी रुग्णांना ‘तुम्हाला कोणते तेल मिळाले असे वाटते?’ हे विचारून नोंदवावे. मोतियाचे, क्रोमॅटोग्राफीने तपासलेले, नव्या बाटलीतले तेल घेतले तर या चाचणीचा निकाल काहीही लागो, तो रोशाबद्दलचा असेल.